निराधार व्हायला काय काय लागतं

"दुमजली घर, दारात बुलेट, गच्चीवर सोलर, आणि म्हातारीला श्रावणबाळ चालू! कसं काय ओ काकू हे?"

शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या की पहिलं वाक्य असंच येतं, मागचंपुढचं काही न सांगता. गळ्यात टेप, पदराला टोचलेल्या दोन टाचण्या, म्हणजे बाई मशीनवरून उठून आलेल्या. आमच्या विश्रामबागेतल्या कॉलनीत कुंपण म्हणजे कमरेइतकी भिंत. अर्ध्या सांगलीची खबर त्या भिंतीवरून जाते-येते. कढीपत्त्याचं झाड माझ्या बाजूला आहे, त्यामुळे त्यांना यायला निमित्त लागत नाही.

"कुणाचं म्हणताय?"

"नाव नाही घेत. मागच्या गल्लीतलं. कळलं की तुम्हाला."

कळलं होतं. घर दुमजली आहे खरं, पण वरचा मजला धाकट्या दिराचा आणि बुलेट भाडेकरूची. एवढा खुलासा केला असता तर गप्पा तिथंच मिटल्या असत्या, म्हणून मी बोलले नाही.

"आणि आमची आत्या बघा. नवरा नाही, पोर नाही, गुंठाभर जमीन नाही, अंगावर मणीमंगळसूत्रसुद्धा नाही. तिला म्हणे बसत नाही. मी म्हटलं साहेबांना, आता अजून काय काय नसायला पाहिजे?"

आत्या म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची आत्या. सगळी कॉलनीच तिला आत्या म्हणते. जन्मभर हळदीत राबलेली बाई. मार्केट यार्डात अडत्याच्या वखारीत बसून हळद निवडायची, त्याआधी हरिपूरच्या पेवांवरही कामाला जायची. बोट लावून सांगायची, ही राजापुरी, ही नुसती रंगवलेली. रोजंदारीला पेन्शन नाही, फंड नाही. खणभागात एका खोलीत राहायची. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा खणभागात शिरली तेव्हा पत्र्याची पेटी पाण्याखाली गेली आणि आत्याचं सगळं सरकारी आयुष्य चिखल होऊन बाहेर आलं. रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळं. त्या आठवड्यात भाचा तिला पाठीवर घेऊन इकडं आला. पूर ओसरला, खोलीमालकानं खोली दुसऱ्याला दिली, आत्या इथंच राहिली. कार्ड नवीन काढायचं होतं, तर घरच्याच कार्डावर तिचं नाव घातलं. त्या वेळी कुणाला काय ठाऊक, ही एक ओळ पुढं किती महागात पडणार आहे.

मार्चमध्ये ती मोरीत पडली. खुबा मोडला. ऑपरेशन मिरजेच्या सरकारी दवाखान्यात झालं, ते चांगलं झालं, पण आत्या पुन्हा उभी राहिली नाही. आता अंथरुणात आहे आणि डोकंही अधूनमधून मार्केट यार्डात जाऊन बसतं. रात्री दोन वाजता उठवून विचारते, आज भाव काय फुटला?

वहिनींचं घर कसं चालतं ते सांगायला नको. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला, ह्या मशीनवर, दोन मुलं शिकतायत. आत्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. बदलायला दोघं लागतात. रात्रपाळी असली की दुसरं माणूस आणायचं कुठून? मला दोनदा हाक मारली, मी गेले, पण माझेही गुडघे आता माझं ऐकत नाहीत. तेव्हा विषय निघाला वृद्धाश्रमाचा.

"बाई गं, वृद्धाश्रम!" हे वाक्य समोरच्या पाटीलवहिनींचं. त्या रस्त्यावरून भाजी घेऊन चालल्या होत्या, ऐकून थांबल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोक रात्री कूस बदलायला येतात का?" वहिनी म्हणाल्या.

पाटीलवहिनींनी कोथिंबीर नीट करायला घेतली, पण गेल्या नाहीत.

वृद्धाश्रम शोधायला लागल्यावर वहिनींना पहिलं कळलं ते हे, की तिथं जायला माणूस ठणठणीत लागतो. बहुतेक ठिकाणच्या नियमांत लिहिलेलंच असतं : स्वतःची कामं स्वतः करू शकणारे. जेवण स्वतः, अंघोळ स्वतः, संडास स्वतः. हे सगळं स्वतः करता येत असतं तर आत्या खणभागात भाकरी थापत बसली असती, वृद्धाश्रमात कशाला गेली असती? अंथरुणाला खिळलेलं माणूस घेणारी ठिकाणं वेगळी. तिथं आया लागतात, नर्स लागते, म्हणून दरही वेगळा. वहिनी ज्या एका ठिकाणी जाऊन आल्या ते चांगलं होतं, स्वच्छ, वास नाही, बायका हात धरून बोलत होत्या. महिना 22,000. अनामत वेगळी, डायपर आणि औषधं तुमची.

"यांचा पगार हातात येतो 23,000," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे हजार रुपयांत आम्ही चौघं."

"सरकार काही देत असेल की," पाटीलवहिनी म्हणाल्या. "एवढ्या योजना आहेत. माझा फोन तर योजनांनीच भरलाय."

योजना आहेत, हे खोटं नाही. आता इथं आमच्या कोपऱ्यावरच्या नायबकाकांना आणायला हवं. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून कॉलनी त्यांना नायबकाका म्हणते. रोज संध्याकाळी काठी आपटत फेरी मारतात आणि कुंपणापाशी दोन बायका दिसल्या की त्यांच्या फेरीला आपोआप थांबा येतो. त्यांना सगळे शासन निर्णय पाठ. फक्त त्यातून आपलं काम कसं होईल हे विचारलं की ते खाकरतात.

"श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना," ते म्हणाले. पूर्ण नाव घेतल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. "वय 65 च्या पुढे, महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेलं असावं, दरमहा 1,500 रुपये. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे?"

"नाही ओ. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईचं नाव कुठल्या यादीत असतंय?"

"मग कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं."

"महिन्याला?"

"वर्षाला."

हे मी याआधी ऐकलं होतं, पण दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं वाटतं. वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. दिवसाला 57 रुपये आणि वर काही पैसे. रोज 60 रुपये मिळाले की सरकारच्या हिशेबात आपण खात्यापित्या घरचे.

पाटीलवहिनींना वेगळंच सुचलं. "पण मग लाडकी बहीणला तर अडीच लाख आहे की! माझ्या जावेला मिळतात."

बरोबर होतं त्यांचं. मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात शहाणं वाक्य त्यांनीच टाकलं, आणि पुन्हा कोथिंबिरीकडे वळल्या. लाडकी बहीण योजना 2024 च्या जुलैत आली. वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, मिळतात 1,500. पासष्टी ओलांडली की ती योजना सुटते आणि श्रावणबाळ लागू होते. रक्कम तीच, 1,500. उत्पन्नाची अट मात्र अडीच लाखांवरून एकदम 21,000 वर. म्हणजे सरकारच्या बहिणीचं वय वाढलं की ती म्हातारी होते, आणि म्हातारी झाली की गरीब असल्याचा पुरावा जास्त द्यावा लागतो. उलट हवं होतं ना? हात चालतात तोवर बाई काहीतरी कमावते तरी.

"तो भेद आहे खरा," नायबकाका म्हणाले आणि खाकरले.

"आणि काका, हे 1,500 मिळाले तरी," मी म्हटलं, "22,000 मधले 1,500 जाऊन राहिले साडेवीस हजार. त्याचं काय?"

त्यावर काकांनी एक भारी गोष्ट सांगितली. त्यांचा जावई सीए आहे, त्याच्याकडून कळलेली. नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या माणसाकडून महिन्याला 25,000 पर्यंत घेतले तर त्यावर जीएसटी नाही. माफ. काकांना ही सवलत सांगताना अभिमान वाटत होता. मला दुसरंच दिसलं. कर लावणाऱ्या खात्याला पक्कं माहीत आहे की म्हाताऱ्या माणसाची खाट, जेवण आणि देखभाल महिन्याला 25,000 पर्यंत जाऊ शकते आणि तो काही चैनीचा खर्च नाही. मदत देणाऱ्या खात्याला वाटतं वर्षाला 21,000 मिळवणारं घर हा खर्च आपला आपण बघून घेईल. दोन्ही खात्यांत एकदा कुणीतरी असं कुंपण घालून द्यायला पाहिजे, बोलतील तरी.

"मूळ मुद्दा तो नाहीच ओ," वहिनी म्हणाल्या. "मी कचेरीत सांगितलं, उत्पन्न आमचं आहे, आत्याचं शून्य. तर तिथला मुलगा म्हणाला, नाव तुमच्या कार्डावर आहे, मग कुटुंब तुमचं. चांगला होता बिचारा, पाणी दिलं मला. तोच म्हणाला, मावशी, एक उपाय आहे. तिचं नाव कमी करा, वेगळं कार्ड काढा, आणि लिहून द्या की तिला बघणारं कुणी नाही."

"मग?"

"मग काय. यांना सांगितलं. जेवता जेवता ताट सरकवलं यांनी. म्हणाले, पुरातनं पाठीवर आणली तिला मी. आता सही करून लिहून देऊ की मी नाही?"

कुणी काही बोललं नाही. पाटीलवहिनींच्या हातातली कोथिंबीर संपली होती.

मला त्या माणसाचं पटलं, आणि त्या सहीवाचून काम अडणार हेही दिसत होतं. ह्या सगळ्या योजनांचं गणित एका जागी येऊन थांबतं. म्हातारीला कुणी टाकून दिली असेल तर तिच्यासाठी काहीतरी आहे. थोडं आहे, उशिरा मिळेल, पण आहे. कुणी घरात घेतली असेल तर तिचा खर्च त्या घराचा. टाकणाऱ्या भाच्याला कुणी विचारत नाही, उचलून आणणाऱ्याच्या पगाराची चिठ्ठी मागतात. मागच्या गल्लीतल्या त्या दुमजली घरानं तरी दुसरं काय केलं असेल? आईचं कार्ड वेगळं केलं असेल. एका चुलीच्या कागदावर दोन केल्या. आपण त्यांना नावं ठेवतो, पण नियमच माणसाला ते शिकवतो.

"खोटं लिहायचं नसेल तर दुसरी वाट आहे," नायबकाका म्हणाले. "2007 चा कायदा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. प्रांतसाहेबांकडे न्यायाधिकरण असतं. वकील लागत नाही. नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो. महिना 10,000 पर्यंत पोटगी मिळते."

"कुणाकडून?"

"मुलांकडून. मूल नसेल तर नातेवाइकाकडून."

"म्हणजे आमच्याकडूनच की!" वहिनी हसायला लागल्या. "आमच्याच घरात राहून आत्यानं आमच्यावरच केस टाकायची आणि आम्ही आम्हालाच 10,000 द्यायचे?"

काकांनी हात वर केला. "थांबा. नातेवाईक कोण हे कायद्यानं सांगितलंय. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारसानं मिळणार आहे, तो. आत्याबाईंना मालमत्ता?"

"एक पितळी डबा आहे."

"मग कायद्याच्या दृष्टीनं तुमच्यावर काहीच जबाबदारी नाही. तुम्ही नातेवाईक नाही."

आता बघा ही गंमत. 2007 च्या कायद्यानं भाचा आत्याचा कुणी लागत नाही, कारण तिच्याकडून त्याला मिळण्यासारखं काही नाही. रेशनकार्डानं मात्र तो तिचं कुटुंब, त्याचा पगार तिचं उत्पन्न. द्यायची वेळ आली की नातं नाही, आणि नाकारायची वेळ आली की आहे. मी काकांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, दोन्ही विभाग वेगळे आहेत.

"त्याच कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम काढायचं आहे ना काका?" मी वर्तमानपत्रात कधीतरी वाचलं होतं.

"कलम 19. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, निदान 150 निर्धन वृद्धांची सोय. पण शासन 'काढू शकेल' असं आहे. काढलंच पाहिजे असं नाही. आणि टप्प्याटप्प्यानं."

"आत्याचा टप्पा कधी?" पाटीलवहिनींनी विचारलं.

केंद्राचाही पैसा आहे म्हणे. संस्थांना अनुदान मिळतं, 25 निराधार वृद्धांच्या आश्रमासाठी, आणि खिळून असलेल्यांसाठी किंवा विसरभोळेपणाचा आजार झालेल्यांसाठी निदान 20 जणांचं वेगळं घर चालवायला. म्हणजे आत्यासारख्यांचा विचार दिल्लीत कुणीतरी केलेला आहे. पण हा पैसा संस्थेकडे जातो, माणसाबरोबर फिरत नाही. तुमच्या जवळपास अशी संस्था असली, तिनं अर्ज केलेला असला, तिथं खाट रिकामी असली आणि तुम्ही निर्धन ठरलात, तर. आत्याच्या हातात देऊन, जा बाई, तुला जमेल तिथं राहा, असं म्हणणारी रक्कम कुठंच नाही. इस्पितळाचं बरं आहे. धर्मादाय इस्पितळांना 10 टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. आत्याचा खुबा मोडला तेव्हा ती पेशंट होती, तिच्यासाठी दारं होती. टाके काढले, ती पेशंट राहिली नाही, नुसती म्हातारी झाली.

"ते 70 वर्षांचं आयुष्मान कार्ड?" पाटीलवहिनींनी आठवण काढली. "त्याला उत्पन्नबिन काही लागत नाही. पाच लाख!"

"ते आजारपणाचं, दवाखान्यात भरती झालं तर," वहिनी म्हणाल्या. "आणि तेही आत्याला मिळत नाही. आत्या 70 ची नाहीच."

"काहीतरीच. ऐंशीची असेल की ती!"

मग आधारची कथा निघाली, ती मी आधीही ऐकलीय, पण वहिनी सांगतात छान. पुरानंतर आत्याचे कागद नव्यानं करायला घेतले. आधार जुनंच होतं, त्याचा नंबर सापडला. त्यावर जन्मतारीख 1 जानेवारी 1957. ज्याला तारीख सांगता येत नाही तो 1 जानेवारीला जन्मलेला असतो, हे ठरलेलंच आहे. पण साल? शिबिरातल्या पोरानं अंदाजे टाकलं असणार. आत्याच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांकडे बघून नाही सांगता येत बाईचं वय. मतदार ओळखपत्रावर 79. आत्या स्वतः सांगते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. भूकंप 1967 च्या डिसेंबरात. आधारप्रमाणे हिशेब केला तर आत्या चौथ्या वर्षी बोहल्यावर उभी राहिली.

"आयुष्मानला आधारचंच वय धरतात," वहिनी म्हणाल्या. "तारीख एकदाच बदलता येते, पण त्याला जन्माचा कागद पाहिजे. शाळेत गेली नाही, जन्माची नोंद नाही. आणि अंगठा उमटत नाही, ते वेगळंच. हळद निवडून रेषा पुसल्यात."

"डोळ्यांचं स्कॅन करतात आता," नायबकाका म्हणाले.

"मोतीबिंदू आहे."

इथं सगळे हसलो, वहिनीसुद्धा. एवढं मात्र कळलं की श्रावणबाळला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा वयाचा दाखला चालतो. पासष्ट तर आधारनंसुद्धा झालीच आहेत. वयाचं अडलेलं नाही, अडलंय ते भाच्यापाशी.

वयोश्री योजनेचे 3,000 मिळतात, काका म्हणाले, त्याला उत्पन्नाची अट दोन लाख. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोडची खुर्ची असल्या वस्तूंसाठी, एकदाच. खुर्ची उपयोगाची आहे. पण वहिनींचे यजमान अडीच लाखांच्या पुढं. पुन्हा तोच पगार आडवा.

"मी एक विचारू?" पाटीलवहिनी म्हणाल्या. आवाज खाली आणला, म्हणजे आता काहीतरी बोचणारं येणार. "आत्यांना विचारलंय का कुणी? जायचंय का त्यांना?"

वहिनी टेप बोटाला गुंडाळत राहिल्या. "विचारलं. शुद्धीत होती तेव्हा विचारलं. म्हणाली, तिथं दुपारची निजायला मिळेल का? इथं तुझं मशीन फार वाजतंय."

"बघा!"

"बघा काय, खरंच आहे ते. सणाच्या दिवसांत बारा बारा तास चालतं मशीन. आणि परवा म्हणाली, मला पोचवून ये, पण रविवारी भाकरी घेऊन ये. मी म्हटलं येईन. मी तिला टाकायला नाही निघाले काकू. मला नीट झोपलेली आत्या पाहिजे आणि नीट झोपलेला नवरा पाहिजे. दोन्ही एका घरात होत नाहीत."

यावर पाटीलवहिनींना बोलायला जागा राहिली नाही. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांनी पिशवीत भरला असावा. उलट म्हणाल्या, माझ्या भिशीच्या बायका डायपरचं बघतील, दिवाळीपर्यंत तरी. पाटीलवहिनींचं हे असं आहे, तोंडानं टोचतात आणि हातानं देतात.

तेवढ्यात आतून हाक आली. "कोण हाय गं तिकडं? भाव काय फुटला?"

"चढाच आहे आत्या!" मी ओरडले. मला काय ठाऊक काय भाव चाललाय, पण उतरला म्हटलं तर बाई रात्रभर घरच्यांना झोपू देत नाही.

नायबकाका मधल्या वेळात खिशातून डायरी काढून उभे होते. नोकरीत असताना कसे होते कोण जाणे, पण निवृत्तीत माणूस बरा झालाय. म्हणाले, "खोटं नाही लिहायचं ना? मग खरं लिहू. सगळं खरं. अर्जदार विधवा, अपत्य नाही, स्थावर नाही, जंगम नाही, स्वतःचं उत्पन्न शून्य. 2019 च्या पुरात निवारा गेला. भाचा मायेपोटी सांभाळतो, कायद्यानं तो जबाबदार नातेवाईक होत नाही, 2007 च्या कायद्यातलं कलम मी घालतो. सबब अर्जदाराचं उत्पन्न स्वतंत्र धरावं. आणि एक प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना, खिळलेल्या रुग्णांसाठी अनुदान घेणारी संस्था कुठं आहे ते लेखी कळवा म्हणून. लेखी मागायचं. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं."

"मंजूर होईल?"

"सांगता येत नाही. नाकारतील तर कारण लिहून नाकारावं लागेल. मग वर अपील करता येईल."

"आणि हे 1,500 आले तरी खाटेचे 22,000 कुठनं?"

काकांनी डायरीत बघितलं, जणू तिथं लिहिलेलं असावं. "ते नाही माझ्याकडे," म्हणाले. पहिल्यांदाच खाकरले नाहीत.

वहिनींनी तोंडी हिशेब मांडला. नणंद तीन देते म्हणालीय, पुण्याचे दीर दोन, स्वतः दिवाळीचं शिवण जास्त घेतलं तर पाच. भिशीचे डायपर. तो आश्रम चालवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, थोडं कमी करता येईल, आमच्या देणगीदारांना विचारते. सगळं जोडूनही अर्ध्यावरच येतं. मग परत सरकारचे 1,500, म्हणजे निदान औषधं. ते मिळेतोवर आत्याजवळ एक बाई लावायची, तिनं दुपारी दोन तास यायचं, तिला महिना तीन हजार, म्हणजे मशीनला दोन तास मोकळे.

"अर्जाला स्टॅम्प पेपर लागेल की," वहिनी म्हणाल्या. "कचेरीबाहेरचा टायपिंगवाला म्हणत होता, आता पाचशेचाच घ्यावा लागतो, शंभरचे बंद झाले."

"दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही," नायबकाका ताठ झाले. "माफ आहे. साधा कागद. कुणी मागितला तर माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगून चालेल का ओ काका? निवृत्त झालात की."

"मग मीच येतो."

"या," वहिनी म्हणाल्या, "सोमवारी या, सकाळी दहाला. यांची दुसरी पाळी आहे, रिक्षाचे वाचतील, तुम्हाला गाडीवर नेतील." आणि कढीपत्ता न घेताच वळल्या, दोन पावलं जाऊन परत फिरल्या. "आणि काकू, त्या मागच्या गल्लीतल्या दुमजलीवालीला जरा विचारा की, वेगळं कार्ड काढताना तिनं काय काय कागद दिले. मी नाही विचारत, मी कालच तिला नावं ठेवलीत."